प्रवेशाच्या अटी आणि नागपूर करार : महाविद्यालयीन वक्त्यांना खुले पत्र

प्रिय विद्यार्थी वक्त्यांनो आणि त्यांना तयार करणाऱ्या प्राध्यापकांनो,

सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहात तुमच्या वादविवाद स्पर्धेच्या फिरत्या करंडकाची पहिली फेरी झाली, तेव्हा मी श्रोत्यांत बसले होते. विषय होता, ‘युक्रेनला युरोपीय संघाचे सदस्यत्व द्यावे, असे या सभागृहाचे मत आहे.’ नागपूरच्या मुलामुलींनी असा विषय घ्यावा आणि कागदाकडे न बघता मराठीतून बोलावे, याचा मनापासून आनंद झाला. तुमच्यातल्या दोघातिघांची मांडणी तर एखाद्या वकिलाने ऐकत राहावी अशी होती.

पण दोन्ही बाजूंची भाषणे युद्धातच अडकून राहिली. अनुकूल बाजूने रशियाचे आक्रमण सांगितले, प्रतिकूल बाजूने नाटोचा विस्तार सांगितला आणि खंडन फेरीत तेच पुन्हा जरा चढ्या आवाजात झाले. नवा देश संघात घेणे म्हणजे नेमके काय, अर्ज दिल्यापासून सदस्य होईपर्यंत काय घडते आणि आत आल्यावर दोन्हीकडच्या वचनांचे काय होते, यावर कोणी बोललेच नाही. मी अनेक वर्षे राज्यशास्त्र शिकवले, त्यामुळे हे खटकणारच. त्याहून जास्त खटकले ते हे, की ही चर्चा नागपुरात चालली होती. लेखी करार करून मोठ्या घटकात सामील होणे काय असते, हे १९५३ च्या नागपूर कराराचा अनुभव असलेल्या या शहराइतके कोणाला ठाऊक असणार? अंतिम फेरीला अजून अवकाश आहे आणि विषय तोच राहणार आहे, म्हणून हे जाहीर पत्र.

माझे मत आधीच सांगते. युक्रेनला संघात घ्यावे, मोल्दोव्हाला आणि पश्चिम बाल्कनमधल्या देशांनाही घ्यावे. पण अटी आधी ठरवाव्यात आणि त्या मध्येच बदलू नयेत. संघाने स्वतः दिलेले शब्दही करारात लिहावेत, आणि ते मोडले तर दाद कुठे मागायची हेही त्याच करारात असावे. माझा सगळा भर या शेवटच्या गोष्टीवर आहे.

आता प्रक्रियेबद्दल. तुमच्यापैकी एकाने ‘बहुमताने ठराव झाला की काम झाले’ असे म्हटले आणि परीक्षकांनीही ते सोडून दिले. तसे नाही. युरोपीय संघाच्या कराराचे ४९ वे कलम वाचा. युरोपातला आणि संघाची मूल्ये पाळणारा कोणताही देश अर्ज करू शकतो. मोरोक्कोने १९८७ मध्ये अर्ज केला होता, पण तो देश युरोपात नाही म्हणून अर्ज परत गेला. अर्ज मान्य होण्यासाठी सर्व सत्तावीस सदस्य-सरकारांची एकमुखी संमती लागते, युरोपीय संसदेचा होकार लागतो आणि मग प्रवेशकराराला प्रत्येक सदस्य देशाने आपापल्या राज्यघटनेप्रमाणे मान्यता द्यावी लागते. फ्रान्सच्या राज्यघटनेत तर नव्या देशाच्या प्रवेशासाठी सार्वमताची तरतूद आहे. ते टाळायचे असेल तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत तीन पंचमांश मते मिळवावी लागतात. यामधल्या काळात वाटाघाटी चालतात त्या ३५ प्रकरणांवर: न्यायव्यवस्था, सरकारी खरेदी, मत्स्यव्यवसाय, पर्यावरण, शेती, करव्यवस्था. प्रत्येक प्रकरण उघडायला आणि बंद करायलाही पुन्हा सर्वांची संमती हवी. म्हणजे एकाच देशाला अडवणूक करायची असेल, तर संधी एकदा नव्हे, कितीतरी वेळा मिळते.

युक्रेनने अर्ज केला तो २८ फेब्रुवारी २०२२ रोजी, आक्रमणानंतर चारच दिवसांनी. २३ जून २०२२ ला उमेदवार देशाचा दर्जा मिळाला, इतक्या वेगाने तो क्वचितच कोणाला मिळाला असेल. १४ डिसेंबर २०२३ ला ब्रुसेल्समध्ये वाटाघाटी सुरू करण्याचा निर्णय झाला आणि तो ज्या पद्धतीने झाला ते तुमच्या भाषणात यायलाच हवे. हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान यांचा विरोध होता. जर्मनीचे तेव्हाचे चॅन्सेलर ओलाफ शोल्झ यांच्या सूचनेनुसार ते निर्णयाच्या वेळी दालनाबाहेर गेले. उरलेल्या सव्वीस जणांनी निर्णय घेतला आणि तो सर्वसंमतीने झाला असे मानले गेले. चार कोटी लोकांच्या देशाचे भवितव्य एक माणूस खोलीत आहे की खोलीबाहेर, यावर अवलंबून होते. प्रतिकूल बाजूच्या वक्त्याला याहून चांगला मुद्दा कुठे सापडणार? आणि अनुकूल बाजूलाही तो तितकाच उपयोगी आहे, कारण यातून दिसणारा दोष युक्रेनचा नसून संघाच्या निर्णयपद्धतीचा आहे.

१९९३ मध्ये कोपनहेगनच्या बैठकीत संघाने नव्या देशांसाठी कसोट्या ठरवल्या. त्यातल्या तीन सगळ्यांना पाठ असतात: लोकशाही, कायद्याचे राज्य आणि अल्पसंख्याकांचे संरक्षण, स्पर्धेत टिकणारी बाजारव्यवस्था, आणि संघाचे कायदे राबवण्याची क्षमता. त्याच निवेदनात चौथी गोष्टही लिहिलेली आहे, ती म्हणजे नवे सदस्य सामावून घेण्याची खुद्द संघाची क्षमता. पहिल्या तीन कसोट्यांवर अर्जदाराची दरवर्षी परीक्षा होते आणि युरोपीय आयोग, म्हणजे संघाची कार्यकारी यंत्रणा, शेकडो पानांचा अहवाल काढतो. चौथीवर संघाची अशी परीक्षा कोण घेतो? परराष्ट्र धोरण, कर आणि दीर्घ मुदतीचा अर्थसंकल्प यांवर एका देशाचा नकार आजही सगळ्यांना थांबवतो. सत्तावीस देशांत ही अडचण आहे, तर तीस-पस्तीस झाल्यावर ती वाढणारच. युरोपात हे बोलणारे लोक आहेत, फक्त त्यांतले काही जण हे कारण पुढे करून नव्यांना बाहेरच ठेवू पाहतात. संघाने स्वतःच्या सुधारणा लांबवायच्या आणि त्या झाल्या नाहीत म्हणून बाहेरच्याला ताटकळत ठेवायचे, यात न्याय कुठे आहे?

ताटकळणे म्हणजे काय ते बघायचे असेल तर युक्रेन जरा बाजूला ठेवा आणि उत्तर मॅसिडोनियाचा अभ्यास करा. तुमच्यापैकी एकानेही या देशाचे नाव घेतले नाही. लोकसंख्या वीस लाखांच्या आत-बाहेर, म्हणजे आपल्या नागपूर शहरापेक्षाही कमी. २००५ मध्ये त्याला उमेदवाराचा दर्जा मिळाला. ग्रीसने देशाच्या नावावरच हरकत घेतली, कारण मॅसिडोनिया नावाचा प्रांत ग्रीसमध्येही आहे. वर्षानुवर्षे गाडी तिथेच अडली. शेवटी जून २०१८ मध्ये प्रेस्पा सरोवराच्या काठी दोन्ही देशांनी करार केला आणि फेब्रुवारी २०१९ पासून त्या देशाने आपले अधिकृत नाव बदलून ‘उत्तर मॅसिडोनिया’ केले. विचार करा, आपल्या देशाचे नाव बदलायला सांगितले तर आपण काय करू? तिथल्या सरकारने देशांतर्गत प्रचंड विरोध पत्करून ते केले, कारण एवढे केले की दार उघडेल असे त्यांना सांगण्यात आले होते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये फ्रान्सने नकार दिला. प्रवेशाची पद्धतच आधी सुधारली पाहिजे, असे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांचे म्हणणे होते. पद्धत सुधारली. मग नोव्हेंबर २०२० मध्ये बल्गेरियाने इतिहास आणि भाषा यांवरून अडवले. २०२२ च्या तडजोडीत नवी अट आली, की उत्तर मॅसिडोनियाने आपल्या राज्यघटनेत बल्गेरियन समाजाचा उल्लेख करावा. यावर तिथल्या लोकांची सहनशक्ती संपली आणि मे २०२४ च्या निवडणुकीत ही अट धुडकावणारा पक्ष जिंकला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, इतकी वर्षे जोडीने चाललेला अल्बानिया वाटाघाटींत पुढे गेला आणि उत्तर मॅसिडोनिया मागे राहिला.

इथे कोण चुकले? बल्गेरियाच्या भावना खोट्या आहेत असे मी म्हणत नाही. ग्रीसच्याही नव्हत्या. पण जिथे न्यायव्यवस्था आणि भ्रष्टाचार यांची तपासणी व्हायची, तिथे शेजाऱ्यांच्या जुन्या भांडणांची वसुली झाली आणि संघाने ती होऊ दिली. आत असलेल्याला नकाराधिकार आहे आणि बाहेर असलेल्याला फक्त गरज आहे, अशा स्थितीत झालेला सौदा बरोबरीचा होऊ शकत नाही. एका अटीनंतर दुसरी येते हे पाहिल्यावर बाहेरच्या देशातले सुधारणावादी लोक तोंडघशी पडतात. त्यांनी आपल्याच मतदारांना शब्द दिलेला असतो.

सायप्रसचे उदाहरण उलट बाजूचे आहे आणि प्रतिकूल बाजूने ते जरूर वापरावे. एप्रिल २००४ मध्ये बेटाच्या एकीकरणाच्या संयुक्त राष्ट्रांच्या योजनेवर दोन्ही भागांत सार्वमत झाले. तुर्की सायप्रसवासीयांनी योजना स्वीकारली, ग्रीक सायप्रसवासीयांनी मोठ्या बहुमताने फेटाळली. तरी पुढच्याच महिन्यात, १ मे २००४ ला, सायप्रस संघाचा सदस्य झाला, कारण त्याचा प्रवेश आधीच ठरलेला होता. न सुटलेला सीमावाद त्याच्यासोबत आत आला आणि नकाराधिकारही आला. तुर्कीच्या वाटाघाटी २००५ मध्ये सुरू झाल्या, त्यांतली कितीतरी प्रकरणे सायप्रसच्या हरकतीमुळे बंदच राहिली. तुर्कीची स्वतःची लोकशाही पुढे ढासळत गेली हे खरेच आहे, आणि २०१८ पासून ती प्रक्रिया ठप्प आहे. पण वाद आधी मिटवायचा की प्रवेश आधी द्यायचा, या प्रश्नावर युक्रेनच्या संदर्भात बोलणार असाल तर सायप्रस टाळून बोलता येणार नाही. त्यातच संघाच्या कराराच्या ४२ व्या कलमात सदस्यावर सशस्त्र हल्ला झाला तर बाकीच्यांनी शक्य ती सर्व मदत करण्याचे बंधन आहे. युद्ध चालू असताना हे बंधन कोण कसे पाळणार, हा प्रतिकूल बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा आहे. तो नाटोच्या घोषणांत हरवू देऊ नका.

शेतीबद्दल एकाही वक्त्याने बोलू नये, याचे मला खरोखर आश्चर्य वाटले. तुमच्यापैकी निम्म्यांची घरे काटोल, हिंगणा, उमरेड, वर्धा, यवतमाळकडची असतील. जून २०२२ मध्ये संघाने युक्रेनच्या मालावरचे आयातशुल्क उठवले, मदतीच्या हेतूने. काळ्या समुद्रातली वाहतूक युद्धामुळे विस्कळीत झालेली होती, त्यामुळे गहू, मका आणि सूर्यफुलाचे बी मोठ्या प्रमाणावर जमिनीच्या मार्गाने शेजारच्या देशांत येऊ लागले आणि पुढे जायच्या ऐवजी बरेचसे तिथल्याच बाजारात राहिले. भाव पडले. एप्रिल २०२३ मध्ये पोलंड, हंगेरी आणि स्लोव्हाकिया यांनी परस्पर आयातबंदी घातली. २०२४ च्या सुरुवातीला पोलंडच्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आडवे घालून सीमा रोखली आणि रेल्वेच्या वाघिणींतले युक्रेनचे धान्य खाली सांडून दिले. हाच पोलंड देश युद्धाच्या पहिल्या दिवसापासून लाखो युक्रेनी निर्वासितांना आपल्या घरांत ठेवून घेत होता.

या शेतकऱ्यांना स्वार्थी म्हणणे सोपे आहे. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले आणि मग ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, तेव्हा आपल्याकडच्या कापूस उत्पादकाला काय वाटले? कापूस घरात यायच्या तोंडावर बाहेरचा माल येणार आणि व्यापारी हमीभावाच्या खाली भाव पाडून मागणार, हीच भीती ना? कापड गिरण्यांची अडचण खरी होती आणि शेतकऱ्याचीही खरी होती. वर्ध्याच्या बांधावर उभा राहून पोलंडचा शेतकरी समजून घेणे तुम्हाला पॅरिसमधल्या एखाद्या प्राध्यापकापेक्षा सोपे जावे.

शिवाय युक्रेनकडची लागवडीची जमीन तीन कोटी हेक्टरांहून जास्त आहे, संघातल्या कोणत्याही देशापेक्षा अधिक. संघाच्या अर्थसंकल्पाचा साधारण एक तृतीयांश भाग शेतीधोरणावर जातो आणि त्यातले बरेचसे अनुदान हेक्टरच्या हिशेबाने मिळते. आजचे नियम जसेच्या तसे ठेवले तर पैसा पूर्वेकडे वळणार, हे उघड आहे. यावर उपाय आहेत आणि ते पूर्वी वापरून झाले आहेत. स्पेन आणि पोर्तुगाल यांनी १९७७ मध्ये अर्ज केला, तेव्हा दक्षिण फ्रान्सचे फळबागवाले आणि द्राक्षवाले असेच हवालदिल झाले होते. ते देश १९८६ मध्ये आत आले, पण त्यांच्या फळे-भाज्यांसाठी लांबलचक संक्रमणकाळ ठेवला गेला. २००४ मध्ये पूर्व युरोपातले देश आले, तेव्हा जर्मनीने आपला श्रमबाजार त्यांच्या कामगारांना पूर्ण खुला करायला सात वर्षे घेतली. असे टप्पे पाडणे मला मान्य आहे. मात्र प्रत्येक टप्प्याची तारीख करारात लिहिलेली असली पाहिजे.

एका विद्यार्थिनीने सुरेख आवाजात म्हटले, ‘घरात कोणाला घ्यायचे हे घरच्यांनीच ठरवायचे.’ टाळ्या पडल्या. पण देशांचा संघ हे घर नाही. घरात प्रेमाने निभते, इथे सगळे कागदावर निभावावे लागते. आणि इथेच मला तुम्हाला आपल्या शहराकडे वळवायचे आहे.

२८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. मुंबई, मध्य प्रदेश आणि हैदराबाद या राज्यांतले सलग मराठी प्रदेश एकत्र आणून एक राज्य करायचे, त्यासाठी वेगवेगळ्या भागांतल्या नेत्यांनी केलेला हा लेखी समझोता. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील यांच्या सह्या त्यावर आहेत. विदर्भाला शंका होती, आणि ती रास्त होती: नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होती, इथे उच्च न्यायालय होते, सचिवालय होते. ते सगळे सोडून मोठ्या राज्याचा एक कोपरा व्हायचे, तर बदल्यात काय? उत्तरादाखल करारात लिहिले गेले की विकासाचा निधी लोकसंख्येच्या प्रमाणात मिळेल, सरकारी नोकऱ्यांत आणि शिक्षणातही तसाच वाटा असेल, उच्च न्यायालयाचे पीठ नागपुरात राहील, सरकार दरवर्षी ठरावीक काळ नागपूरला येईल आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन इथे होईल. दोनच वर्षांनी राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आले.

वेगळ्या विदर्भाचा वाद मला इथे उकरायचा नाही. त्यावर तुमच्या घरांतही दोन मते असतील. मला फक्त कराराचे पुढे काय झाले ते पाहायचे आहे. जे दिसण्यासारखे होते, ते बहुतांशी पाळले गेले. खंडपीठ आहे. डिसेंबरात अधिवेशन होते, पटवर्धन मैदान आणि यशवंत स्टेडियमपासून मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला पोलीस कठडे लावून ते अडवतात आणि कोणीतरी मंत्री येऊन निवेदन घेतो. (२०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या काळात हिवाळी अधिवेशनही मुंबईतच झाले.) पण जे मोजण्यासारखे होते, म्हणजे निधी, सिंचन आणि नोकऱ्या, ते मोजायलाच कोणी नव्हते. राज्यघटनेत १९५६ मध्ये ३७१ (२) कलम आले, त्यात विकास मंडळांची आणि राज्यपालांच्या विशेष जबाबदारीची तरतूद होती. मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये, तब्बल अडतीस वर्षांनी. त्याआधी १९८४ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने पहिल्यांदा अनुशेषाचा, म्हणजे विकासात राहून गेलेल्या तुटीचा, हिशेब पद्धतशीर मांडला. राज्यातला एकूण अनुशेष ३१८६ कोटी रुपये निघाला आणि त्यातला सुमारे ३९ टक्के एकट्या विदर्भाचा होता. करार होऊन तेव्हा तीस वर्षे उलटली होती. आणि त्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

सह्या करणाऱ्यांचा हेतू वाईट होता, असे मी कधीच म्हणणार नाही. त्यांनी शब्द दिला तो मनापासून दिला. उणीव एवढीच होती की तो शब्द पाळला जातो की नाही हे पाहणारी, आकडे जाहीर करणारी आणि पाळला नाही तर निधी अडवू शकणारी यंत्रणा पहिल्या दिवसापासून नव्हती. शब्द देणारे बदलले, सरकारे बदलली आणि कागद फायलीत राहिला. हा अनुभव आपल्या आजोबांच्या पिढीचा आहे आणि तो युरोपातल्या कोणत्याही छोट्या देशाला आज उपयोगी पडेल असा आहे.

युरोपीय संघात तरी वेगळे काय होते? बल्गेरिया आणि रुमानिया २००७ मध्ये आत आले तेव्हा न्यायव्यवस्था व भ्रष्टाचार यांवर प्रवेशानंतरही देखरेख ठेवणारी खास व्यवस्था केली गेली. ती २०२३ पर्यंत चालली, अहवाल निघत राहिले. पण दात कमी होते. हंगेरी २००४ मध्ये सगळ्या कसोट्यांना उतरून आला आणि पुढे तिथल्याच न्यायव्यवस्थेवर व माध्यमांवर सरकारने पकड बसवली. सप्टेंबर २०१८ मध्ये युरोपीय संसदेने संघाच्या कराराच्या सातव्या कलमाखाली, म्हणजे संघाची मूल्ये मोडणाऱ्या सदस्यावरची, कारवाई सुरू केली, पण मताधिकार काढून घ्यायला बाकी सगळ्यांचे एकमत लागते आणि बरीच वर्षे पोलंड हंगेरीला व हंगेरी पोलंडला सांभाळून घेत राहिले. शेवटी परिणाम दिसू लागला तो पैसा अडवल्यावर. डिसेंबर २०२२ मध्ये संघाने हंगेरीचे सुमारे ६३० कोटी युरो रोखून धरले. शब्दाला पैशाची जोड दिली की तो ऐकला जातो.

मात्र यात एक बाजू कोरडीच राहते. नव्या सदस्याने शब्द मोडला तर संघ पैसा रोखू शकतो. संघाने शब्द मोडला तर? शेतीचे अनुदान पूर्ण मिळायची तारीख पुढे ढकलली, कामगारांच्या मुक्त संचाराचा टप्पा लांबवला, सीमा खुल्या करायचे वचन वर्षानुवर्षे रखडवले, तर नव्या सदस्याने काय करायचे? बल्गेरिया आणि रुमानिया यांना शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांतल्या सीमांवर तपासणी नसलेल्या देशांच्या गटात, पूर्ण प्रवेश मिळाला तो १ जानेवारी २०२५ ला, सदस्य होऊन अठरा वर्षांनी. तांत्रिक तयारी झाल्याचे आयोगाने २०११ मध्येच सांगितले होते. एखाद-दुसऱ्या देशाचा नकार, बस्स.

म्हणून माझा आग्रह आहे की प्रवेशाच्या करारात संघाची वचने तारखांसह लिहावीत, त्यांवर संघाच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयात दाद मागता यावी, आणि वाटाघाटींची मधली प्रकरणे उघडण्या-मिटवण्याला एकमताऐवजी वजनदार बहुमत पुरेसे असावे. संघात अशी मतमोजणी आजही अनेक विषयांवर होते: किमान १५ देश आणि ६५ टक्के लोकसंख्या. अंतिम प्रवेशाला मात्र सगळ्यांची मान्यता लागावी, ते मला पटते, कारण तो निर्णय परत फिरवता येत नाही.

लोकांना विचारण्याचा मुद्दाही धरा. २००४ च्या दहा नव्या देशांपैकी नऊ देशांनी आधी सार्वमत घेतले. नॉर्वेने १९७२ आणि १९९४ असे दोनदा सार्वमत घेतले आणि दोन्ही वेळा लोक नाही म्हणाले. मोल्दोव्हात २० ऑक्टोबर २०२४ ला बाजूने पडलेली मते होती ५०.३५ टक्के, आणि परदेशांत राबणाऱ्या मोल्दोव्हन लोकांच्या मतांनी पारडे फिरवले. उलट नेदरलँड्समध्ये एप्रिल २०१६ मध्ये युक्रेनशी असलेल्या नुसत्या सहकार्य करारावर सार्वमत झाले. जेमतेम ३२ टक्के मतदान आणि त्यातले ६१ टक्के विरोधात. दुसऱ्याच्या प्रवेशावर आपल्या लोकांचे मत घेतले की लोक बरेचदा आपल्याच सरकारवरचा राग काढतात. आपल्याकडे तर १९५६ मध्ये विदर्भाला कोणी विचारलेच नाही.

सार्कचा, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेचा, उल्लेख तुमच्यातल्या एकाने केला, तो चांगला होता पण अर्धा राहिला. अफगाणिस्तान २००७ मध्ये आठवा सदस्य झाला, फारशी परीक्षा न होता. सार्कमध्येही निर्णय एकमताने होतात आणि २०१४ च्या काठमांडूनंतर शिखर परिषद भरलेली नाही. दार रुंद ठेवले आणि आत कामच चालले नाही, तर प्रवेशाला अर्थ उरत नाही, एवढ्यापुरते ते उदाहरण घ्या.

आयोजकांना माझी विनंती आहे की अंतिम फेरीसाठी विषयाच्या वाक्यात थोडी भर घालावी: ‘युक्रेनला ठरलेल्या मुदतीत आणि दोन्ही पक्षांवर बंधनकारक अटींसह युरोपीय संघाचे सदस्यत्व द्यावे.’ एवढ्याने अनुकूल बाजूला मुदत आणि अटी सांगाव्या लागतील, आणि प्रतिकूल बाजूला त्या का चालणार नाहीत हे सांगावे लागेल. मार्गदर्शक प्राध्यापकांनी तयारीच्या वेळी ४९ वे कलम आणि नागपूर करार असे दोन्ही कागद मुलांच्या हाती द्यावेत. दोन्ही मिळून चार-पाच पानांचे आहेत. परीक्षकांना विचारायला एक प्रश्नही सुचवते: युक्रेन सदस्य झाल्यानंतर संघाने आपला शब्द पाळला नाही, तर कीव्हच्या सरकारने कोणाकडे जायचे?

आपली,
राज्यशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका,
धंतोली, नागपूर